विभावरीला जर्मन येत नाही

विभावरी सरपोतदारला जर्मन येत नाही. हे मी जळून म्हणत नाही. म्हणजे जळते मी तिच्यावर, चांगलीच जळते, पण ते पुढे येईल. जर्मन येत नाही हे मात्र अगदी कागदोपत्री खरं आहे. ए-टूच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा कशीबशी पास झाली तेव्हा तिने घरी सगळ्यांना मिसळ खायला बोलावलं आणि तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईंनाही आमंत्रण देऊन आली. त्या बाई आल्या! मिसळ खाल्ली, नाक पुसलं, कपाळ पुसलं आणि निघताना विभावरीला मिठी मारून गेल्या. माझ्याकडे सी-वनचं, म्हणजे तिच्याहून तीन पायऱ्या वरचं, सर्टिफिकेट आहे, शंभरापैकी ब्याण्णव. पंधरा वर्षांत मला इथे कुणी परीक्षक मिठी मारायला आलेला नाही.

ती क्रियापद चालवत नाही. मूळ रूपात उचलते आणि वाक्यात जिथे जागा दिसेल तिथे टाकते. वर सगळ्यांना सरसकट 'दू', म्हणजे 'तू'. शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही सगळे पालक तीन-तीन आदरार्थी शब्द लावून बोलतो, आणि ही पालकसभेत उठून म्हणाली, "दू म्यूडे. दू जित्सेन." तू दमलीस, तू बस. मी खुर्चीत आकसून गेले. मुख्याध्यापिका बसल्या! आणि म्हणाल्या, आज दिवसभरात हे मला पहिल्यांदा कुणी म्हटलं.

आता सांगा, अशा बाईवर जळू नये तर काय करावं?

ती मूळची चिंचवडची. एका सहकारी पतपेढीत अकरा वर्षं कॅशियर होती. तिच्या नवऱ्याला, गुरुदत्तला, न्युरेम्बर्गला सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि पस्तिसाव्या वर्षी पाच वर्षांच्या निधीचा हात धरून ही इथे उतरली. पहिला हिवाळाभर म्हणे खिडकीशी बसून रडायची. हे ती स्वतःच सांगते, आणि सांगताना इतकी हसते की ऐकणाऱ्याला रडणं खोटंच वाटावं. मग एके दिवशी घराजवळच्या बालवाडीत, इथे त्याला किटा म्हणतात, तिथे शिरली, सरळ स्वयंपाकघरात गेली, बटाट्यांच्या पोत्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "इश आर्बाइटेन हीअर." मी काम करणे इथे. विचारलं नाही, सांगितलं. सात वर्षं झाली, अजून तिथेच आहे. ऐंशी पोरांच्या भाज्या चिरते, ताटं विसळते. रस्त्याने जाताना ही एवढीएवढी पोरं सायकलवरून "वीबाऽऽ" करून ओरडतात. मी एका बड्या कंपनीत टेस्ट इंजिनियर आहे. माझी शेजारीण मला हॅलो म्हणते तेही माझ्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत, मी प्लास्टिक बरोबर डब्यात टाकलंय ना म्हणून.

आमची ओळख फुटबॉलमुळे. माझी अन्वी आणि तिची निधी, दोघी तेरा वर्षांच्या, एकाच क्लबच्या मुलींच्या टीममध्ये. अन्वी गोलकीपर आहे. निधी बहुतेक वेळ बाकावर असते आणि त्याचं तिला काही वाटत नाही, आईवर गेली आहे. दर शनिवारी मैदानाच्या कडेला आम्ही पालक उभे. मी फुटबॉलचे नियम वाचून काढलेत. ऑफसाइड म्हणजे काय हे मी तुम्हाला आकृती काढून सांगेन. विभावरीला ऑफसाइड आजतागायत कळलेलं नाही. ती आल्याच्या चहाचा थर्मास घेऊन येते आणि "हाण गं भवाने!" म्हणून ओरडते. एका मोसमात काय झालं, सगळे जर्मन बाप तिच्यासोबत "हान गं!" ओरडायला लागले. गालावर लाल-पांढरे पट्टे ओढलेले सहा-सहा फुटी बाप्ये! मी आपली माझ्या घडीच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवते, योग्य वेळी.

आता अन्वीबद्दल. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. "जेवायला येतेस ना?" तर "ग्लाइश," म्हणजे आलेच. "डबा संपवलास?" तर "या-हा," म्हणजे हो गं. सगळं कळतं तिला. टोमणा मारला तर तोही कळतो. पण तोंडातून मराठी शब्द नाही. इथल्या सगळ्या मराठी घरांत हेच रडगाणं आहे, मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही बायका एका कोपऱ्यात बसून हेच उगाळतो आणि बरं वाटतं, की चला, आपलंच पोर असं नाही. मी काय नाही केलं? शनिवारचा मराठी वर्ग, गोष्टींची पुस्तकं, एका वाक्याला एक आइस्क्रीम. काही उपयोग नाही. सहाव्या वर्षानंतर माझ्या मुलीने माझ्याशी एक मराठी वाक्य उच्चारलेलं नव्हतं. मी मनाला समजावलं होतं, इथली पोरं अशीच.

यंदा जूनच्या सुट्टीत क्लबने गार्डा तळ्याकाठी, पेस्कीएरा नावाच्या गावी, दोन दिवसांची स्पर्धा ठरवली. सगळ्या कुटुंबांनी यायचं, आणि शेवटच्या दुपारी पालक विरुद्ध मुली असा सामना. मी म्हटलं, एवढं इटलीला जायचंच आहे तर आधी चार दिवस ट्रेनने फिरू. बोलोन्याला मुक्काम, तिथून फ्लॉरेन्स, मग वेरोनावरून पेस्कीएरा. मी एक्सेल शीट केली. गाडी, डबा, आसन, प्लॅटफॉर्म, मध्ये शू-शूला किती मिनिटं, सगळं. विभावरीला कळलं तर म्हणाली, "अगं, आम्हीपण येतो. गुरुदत्तला रजा नाही, मी आणि निधीच. तूच बघ बाई सगळं, मला त्यातलं काही कळत नाही." ही तिची प्रवासाची पद्धत. स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करून मोकळं व्हायचं.

म्युनिकहून बोलोन्याच्या गाडीत आमची तिघांची आसनं राखीव होती, माझी, अन्वीची आणि श्रीनाथची. श्रीनाथ म्हणजे माझा नवरा. त्याला कशावरही विचारलं तर तो म्हणतो, "असू दे ना." मी दोनदा आठवण करूनही विभावरीने आरक्षण केलंच नव्हतं. "बघू गं," म्हणाली. मी मनातल्या मनात म्हटलं, बस आता सात तास दाराशी बॅगवर. अहो, इन्सब्रुक यायच्या आत ती आणि निधी एका म्हाताऱ्या जोडप्यासमोर टेबलाच्या जागेवर बसून त्यांच्या चेरी खात होत्या! आणि अन्वी तिथे त्यांच्या शेजारी. माझ्या बाजूचं राखीव आसन रिकामं.

फ्लॉरेन्सला मी घुमटावर चढायची तिकिटं दोन महिने आधी काढली होती, वेळेसकट. विभावरीने काढली नव्हती. ती म्हणाली, आम्ही दोघी इथे पायरीवर बसतो. अन्वी म्हणाली, "मामा, इश ब्लाइब आउख हीअर." आई, मीपण इथेच थांबते. मी म्हटलं, अगं तिकीट आहे तुझं! तिने खांदे उडवले. मग मी आणि श्रीनाथ चारशे त्रेसष्ट पायऱ्या चढलो. वर पोचून खाली वाकून बघितलं, तर सगळं फ्लॉरेन्स दिसत होतं, माझी मुलगी तेवढी दिसत नव्हती.

शुक्रवारी बोलोन्याहून निघताना माझी फजिती झाली. बोर्डावर तीन नंबर लिहिलं होतं आणि पुढे 'ओवेस्ट'. ओवेस्ट म्हणजे पश्चिम, हे मला माहीत होतं. मला वाटलं, गाडी पश्चिमेकडे जाणार असं सांगतायत. आम्ही तीन नंबरवर शिस्तीत उभे. ओवेस्टचे प्लॅटफॉर्म निराळेच निघाले, पार स्टेशनच्या टोकाला! बॅगा ओढत धावलो तोवर गाडी निघून गेली होती. माझा नुसता तिळपापड झाला, स्वतःवरच. श्रीनाथ म्हणाला, "असू दे ना." विभावरी म्हणाली, "एवढं काय त्यात? दुसरी येईल," आणि सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेऊन आली. श्रीनाथने खाल्लं. घरभेदी मेला.

पुढची गाडी तुडुंब भरलेली. एकत्र जागा मिळणं शक्यच नव्हतं. श्रीनाथ पुढच्या डब्यात, मी एका खिडकीशी, आणि माझ्या पाठीला पाठ लावून असलेल्या आसनांवर त्या तिघी. उंच पाठी, एकमेकांना दिसत नाही. मी डोळे मिटले. दमले होते, चिडले होते.

थोड्या वेळाने मागून एका मुलीचं मराठी कानावर आलं. मला वाटलं, वा, डब्यात आणखी कुणी मराठी कुटुंब आहे वाटतं. मुलगी भराभर बोलत होती. अडखळत होती, मध्येच एखादं वाक्य भलतीकडे वळत होतं, पण थांबत नव्हती. गोड आवाज होता, किंचित घोगरा. मी ऐकत राहिले. माझ्या मनात आलं, किती छान बोलते कुणाची मुलगी, आमच्या अन्वीला हिच्याशी ओळख करून द्यायला हवी.

आणि मग विभावरीचा आवाज आला, "बरं, मग तुमची ट्रेनर काय म्हणाली?"

ती अन्वी होती. माझ्या स्वतःच्या मुलीचा आवाज मला ओळखू आला नाही, कारण मराठीतला तो आवाज मी सात वर्षांत ऐकलाच नव्हता. मी गच्च डोळे मिटून बसले. ती विभावरीला सांगत होती की ऑगस्टपासून टीममध्ये दुसरी गोलकीपर येणार आहे, तिच्याहून उंच, आणि आता आपण बाकावर बसणार अशी तिला भीती वाटते. रात्री झोप लागत नाही म्हणे. आणि घरी नाही सांगितलं, कारण आई लगेच त्याचा तक्ता करेल.

खरंच केला असता. मनात सुरूही झाला होता.

पण त्या क्षणी मला गोलकीपरचं काही वाटलं नाही, भीतीचं नाही. मला एवढंच वाटलं की ही माझी वाक्यं आहेत. सात वर्षं मी आइस्क्रीमं देऊन जी मागत होते ती ही बाई फुकट घेऊन बसली आहे. नवऱ्याचं बाहेर काही कळलं असतं तरी मी इतकी पेटले नसते, खरं सांगते. वेरोनापर्यंत मी तशीच झोपेचं सोंग घेऊन बसले, आणि उतरताना विभावरीने माझी बॅग धरायला हात पुढे केला तर मी म्हटलं, "राहू दे. मला जमतं."

शनिवारचे सामने झाले. अन्वीने एक पेनल्टी अशी काही अडवली की सगळे ओरडले. चेंडू पोटाशी धरून ती उठली आणि तिने कडेला नजर टाकली. मी हात वर केलाच होता. तिची नजर माझ्यावरून पुढे गेली आणि विभावरीवर थांबली. दोघी हसल्या. माझा हात हवेतच राहिला, मग मी केस सारखे केले.

संध्याकाळी सातला अजून लख्ख ऊन होतं. कॅम्पच्या पिझ्झाच्या दुकानाबाहेर लांबलचक टेबल लावलं होतं, एका बाजूला आम्ही पालक, शेजारच्या टेबलावर मुली. विभावरी तिच्या त्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आम्ही बोलोन्याची गाडी कशी चुकवली ते सांगत होती. "वीणा शेएन, वीणा वार्टेन, त्सुग वेक!" वीणा, म्हणजे मी, उभी राहणे, वीणा वाट बघणे, गाडी गायब. माझी एक्सेल शीट तिने हातवारे करून दाखवली. टेबल खदखदून हसत होतं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तिने शेवटी म्हटलंसुद्धा की वीणा नसती तर आम्ही न्युरेम्बर्गच्या स्टेशनातच राहिलो असतो. पण माझ्या डोक्यात नुसत्या मिरच्या झोंबत होत्या. मला वाटलं, हे टेबल मला हवंय. एकदा तरी.

आणि माझ्याकडे एक हमखास किस्सा होता. तो इथे सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुन्हा नाही सांगणार.

अन्वी पाच वर्षांची होती तेव्हा पुण्यात माझे सासरे पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. घरात आम्ही हळू आवाजात बोलत होतो. अन्वीने माझा फोन घेतला आणि आजोबांना व्हॉइस मेसेज केला. रडत रडत, "आजोबा, तू तुटली का? मी येऊन तुला चिकटवते." मी ते ऐकलं आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लगेच 'समस्त देवस्थळी' या आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. त्रेचाळीस माणसं. तेव्हापासून आमच्याकडे कुणाला सर्दी झाली तरी सगळे विचारतात, "काय, तुटली का?" पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला लग्नाला गेलो. कार्यालयात जो भेटेल तो तिला, "म्हणून दाखव ना गं, आजोबांना काय म्हणालीस?" तिने एकदा म्हणून दाखवलं. हशा झाला. कुणीतरी म्हटलं, परत एकदा. ती माझ्या पदरामागे गेली आणि मी तिला पुढे ढकललं, "अगं, लाजतेस काय, म्हण ना." कौतुक करत होतो हो आम्ही! दुसरं काय?

तर तो किस्सा मी त्या टेबलावर सांगितला. माझ्या शंभरापैकी ब्याण्णव मार्कांच्या जर्मनमध्ये, थांबत, आवाज बदलत, पाच वर्षांच्या मुलीचं रडणं करून दाखवत. आणि काय सांगू, टेबल कोसळलं. एक बाप तर टेबलावर मुठी आपटत होता. मला कधी नव्हे ते वाटलं, जमलं. पंधरा वर्षांनी जमलं.

शेजारच्या टेबलावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अन्वी उभी होती. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. अर्धा पिझ्झा तसाच टाकून ती तळ्याकडे चालू लागली, निधी तिच्यामागे.

हसत नव्हती ती फक्त विभावरी. तिने मला दंडाला धरून बाजूला, आइस्क्रीमच्या फ्रीजपाशी नेलं.

"वीणा, हे नको होतं गं करायला."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हटलं. एकदा तोंड उघडल्यावर मग मी थांबले नाही. "मी ऐकलंय सगळं गाडीत. माझ्याशी सात वर्षं एक शब्द नाही आणि तुझ्याशी तासन्‌तास? काय जादू केलीस माझ्या पोरीवर? तुला स्वतःला धड बोलता येत नाही. सगळे तुला हसतात, तुला ते आवडतं, म्हणून सगळ्यांनाच आवडतं असं नाही!"

शेवटचं वाक्य माझ्याच अंगावर आलं, पण ते मला नंतर कळलं.

विभावरीने माझा दंड सोडला. मग म्हणाली, "मला हसतात ते मला कळतं, वीणा. पहिल्या हिवाळ्यात मी ठरवलं, हसू देत. हसतील तर निदान बोलतील तरी. पण मी पस्तीस वर्षांची होते. ती पाच वर्षांची होती. आणि आजोबांसाठी रडत होती."

मी फ्रीजच्या काचेतून आइस्क्रीमांची नावं वाचायला लागले.

"जादू कसली करायची? बुधवारी निधीबरोबर ती आमच्याकडे येते. पहिल्यांदा माझ्याशी मराठी बोलायची झाली तेव्हा तिने एकच विचारलं, मावशी, तुझा फोन कुठे आहे? म्हटलं, पर्समध्ये. म्हणाली, पर्स आतल्या खोलीत ठेव आणि दार लाव. तेव्हापासून बुधवारी ती यायच्या आधीच मी पर्स आत ठेवते. बाकी मी काही करत नाही."

एवढं सांगून ती टेबलाकडे गेली. मी फ्रीजपाशी उभी. दुकानदार मला विचारत होता की कुठलं आइस्क्रीम हवंय, आणि मला एका शब्दाचं उत्तर देता येईना.

रविवारी दुपारी पालकांच्या सामन्याला गोलकीपर मिळेना. ट्रेनरने विचारलं, कोण? माझा हात वर गेला. का गेला, देव जाणे. अन्वी कालपासून माझ्याशी जर्मनसुद्धा बोलत नव्हती, एवढंच डोक्यात होतं. मी चष्मा काढून श्रीनाथकडे दिला आणि त्या जाळ्यात जाऊन उभी राहिले. जाळं केवढं मोठं असतं हो! बाहेरून कळत नाही. वीस मिनिटांत अकरा गोल झाले. त्यातले तीन अन्वीने मारले, त्या दिवशी ती पुढे खेळत होती, आणि तिन्ही वेळा माझ्या चेहऱ्याकडे न बघता मागे वळली. नवव्या गोलला मी उजवीकडे उडी मारली, चेंडू आरामात डावीकडून गेला, आणि मी अशी काही बसले की माझं मलाच उठता येईना. विभावरी धावत आली, तीही माझ्याच अंगावर पडली. जर्मन, मराठी, सगळे हसत होते. श्रीनाथ सगळ्यात जास्त. बाकावरून निधीने ते पूर्ण चित्रित केलं.

सोमवारी परतलो. म्युनिकपर्यंत अन्वी कानात इअरफोनची बोंडं घालून बसली होती. म्युनिकला गाडी बदलली, न्युरेम्बर्गच्या गाडीत दोन-दोनच्या जागा मिळाल्या. श्रीनाथ आणि निधी पुढे जाऊन बसले. विभावरी वाटेपलीकडच्या आसनावर. माझ्या शेजारची एक जागा उरली, तिथे अन्वी नाइलाजाने बसली.

इंगोलश्टाट मागे पडलं. तिने फोन माझ्यापुढे धरला. त्यात मी होते, उजवीकडे उडी मारताना, मग खाली बसताना, मग पालथी. पूर्ण बावीस सेकंद. वर नाव होतं, 'समस्त देवस्थळी'. ती त्या ग्रुपमध्ये फोन मिळाल्यापासून आहे, एक अक्षर कधी लिहिलेलं नाही. व्हिडिओ जोडलेला होता. फक्त तो हिरवा बाण दाबायचा राहिला होता आणि तिचा अंगठा त्याच्यावर होता.

"जोल इश?" तिने विचारलं. पाठवू का?

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

मला त्रेचाळीस चेहरे दिसले. माझी नणंद कौमुदी, तिचा पहिला हसरा शिक्का दहा सेकंदांत आला असता. सासूबाई. भावजया. दिवाळीला गेलं की जो भेटेल तो म्हणणार, काय वीणा, बसून दाखव ना. वर्षानुवर्षं म्हणणार. मला मोठेपणाने म्हणायचं होतं, पाठव गं, त्यात काय एवढं, गंमतच आहे. अगदी ओठांवर होतं. पण तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

"नको ना गं," मी म्हटलं. "प्लीज नको."

माझा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच लाज वाटली. आणि मग मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, नीट, कितीतरी दिवसांनी. सहा वर्षांच्या मुलीने लग्नात पदराआड जाऊन हेच म्हटलं असणार, नको ना गं. मी ऐकलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तेव्हाही आणि परवाही."

तिने अंगठा बाजूला नेला. व्हिडिओ पुसला. मग पुसलेल्या गोष्टी जिथे महिनाभर पडून असतात तिथे जाऊन तिथूनही पुसला. निधीला लिहिलं, तूपण पूस. पुढच्या आसनावरून निधीचा अंगठा वर आला. बाहेर हॉप्सच्या, बिअरमध्ये घालतात त्या वेलींचे उंच खांब मागे जात होते.

मी माझा फोन काढला, पर्समध्ये टाकला, आणि उठून पर्स वरच्या फळीवर, बॅगांच्या मागे ठेवली. परत येऊन बसले.

थोडा वेळ गेला. मग अन्वीने खिडकीकडे बघत एक वाक्य म्हटलं. माझ्याशी. मराठीत. चांगलं लांबलचक वाक्य, मध्ये एकदा थांबून पूर्ण केलेलं. त्यात तीन चुका होत्या. मोजायची सवय आहे, काय करू. तीनही मी तिथल्या तिथे गिळल्या. हसले नाही. रडू आलं तेही दाखवलं नाही. जे विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं. मग तिने आणखी एक वाक्य म्हटलं.

न्युरेम्बर्गला उतरल्यावर विभावरीने माझं कोपर धरलं. तिला जर्मन येत नसेल, पण वाटेपलीकडे बसून तिने सगळं टिपलं होतं. "काय म्हणाली गं?" डोळे नुसते चमकत होते तिचे.

"काही नाही."

ट्राममध्ये पुन्हा विचारलं, "सांग ना, काय म्हणाली?"

"आमचं आहे ते," मी म्हटलं. ती हसली, पण तिचा चेहरा एक क्षण उतरला, मी बघितलं. आणि मला बरं वाटलं. कशाला खोटं बोलू?

श्रीनाथलाही मी सांगितलेलं नाही. ग्रुपवर तर नाहीच. इतकं सगळं सांगितलं तुम्हाला, माझ्या फजितीसकट, पण ते वाक्य मात्र तुम्हालाही सांगणार नाही.